पूर्ण एक मिनिट

वसतिगृह, खोली नऊ
४ ऑगस्ट

ती. मावशीस,
सा. न. वि. वि.

पोचले, जेवले, रडले आणि झोपले, याच क्रमाने. आता सगळं ठीक आहे, तेव्हा काळजी करायची नाही. नवे बूट टाचेला चावतात आणि माझ्या खोलीतली मुलगी झोपेत शिकवणी घेतल्यासारखी बडबडते. बाकी आमची नर्सिंगची शाळा छान आहे. खिडकीतून धुणीघर दिसतं आणि दिवसभर वाळत घातलेल्या पांढऱ्या चादरी.

संध्याकाळी सगळ्या जणी व्हरांड्यात फेऱ्या मारत घरच्यांशी फोनवर बोलतात आणि मी आजीबाईसारखी पोस्टाचं पाकीट घेऊन बसते. परवा एकीने विचारलं, तुझ्या घरी फोन नाही का? मी म्हटलं, फोन आहे, पण मावशीचं आणि त्याचं पटत नाही. लहानपणी मी सारखी गुणगुणायचे म्हणून तूच माझं नाव भुंगा ठेवलंस ना? आता भुंगा गुणगुणायला तयार आहे, तर तू दोन वाक्यं होतात न होतात तोच पत्र लिही म्हणून फोन ठेवून देतेस. हे काही बरं नाही.

आता तुला एक प्रश्न. आमचा पहिलाच तास नीतिमूल्यांचा होता. शिकवणाऱ्या ट्यूटर मॅडमना पोरी घार म्हणतात, कारण वॉर्डच्या या टोकाला उभं राहून त्यांना त्या टोकाच्या खाटेवरची चादर नीट खोचलेली नाही हे दिसतं. त्यांनी तासभर सांगितलं की रुग्णाशी खोटेपणा करायचा नाही. आणि दुपारी त्याच आम्हाला वॉर्डात घेऊन गेल्या आणि पहिली गोष्ट कोणती शिकवली, तर सोंग करायची!

झालं असं की माणसाचे श्वास मोजायचे असतात, पूर्ण एक मिनिट. पण आपले श्वास मोजताहेत हे कळलं की माणूस लगेच शहाण्यासारखा श्वास घ्यायला लागतो. म्हणून त्याला सांगायचंच नाही. नाडी मोजतोय असं दाखवून मनगट धरून ठेवायचं, आणि नजर हळूच छातीकडे न्यायची. सकाळी खरेपणा आणि दुपारी ही लबाडी. जन्मभर शाळेत मूल्यशिक्षणाचा तास घेतलास, तर आता तूच सांग, हे खोटं आहे की नाही?

उत्तर सविस्तर पाहिजे. लोभ आहे तसाच ठेव, वर थोडा वाढव.
तुझा भुंगा


घरून
११ ऑगस्ट

चि. भुंग्यास,
अ. उ. आ.

तुझं पत्र वाचून घर पुन्हा बोलकं झालं. बुटांत टाचेशी कापूस ठेव आणि बडबडणारीला कुशीवर झोपव. फोनचं म्हणशील तर फोनवर मला घाई होते आणि सुचायचं ते सगळं फोन ठेवल्यावर सुचतं. पत्रात माणूस सावकाश बोलतो. शिवाय तुझं अक्षर बिघडू नये हाही माझा हेतू आहे. शिक्षकी जात नाही अंगातून.

तुझ्या प्रश्नावर मी दोन दिवस विचार केला. मला असं वाटतं की सोंग कुणाच्या फायद्याचं आहे ते आधी बघावं. आणि दुसरं म्हणजे, उद्या त्याच माणसाच्या तोंडावर सांगता येईल का, की काल मी असं केलं होतं? तू त्या रुग्णाला खुशाल सांगू शकशील की बाबा, तुमचा श्वास मोजत होते, सांगितलं असतं तर आकडा चुकला असता. तो हसेल. मग ते खोटं नाही. जे तोंडावर सांगायची लाज वाटते ते खोटं. मुलांना मी एवढंच शिकवत आले, बाकी सगळं सुविचार म्हणून फळ्यावर लिहायला.

निवृत्त झाले तरी शनिवारचा तो तास माझ्याकडेच आहे, हे तुला माहीत आहे. आता नव्या मुख्याध्यापकांनी टूम काढली आहे की मूल्यांची परीक्षा घ्यायची, गुणांसकट. प्रामाणिकपणाला दहा गुण! मी म्हटलं, अहो, हे कसं मोजणार? ते म्हणाले, पर्याय देऊन. तर प्रश्न असा होता, बागेत दुसऱ्याची छत्री सापडली तर काय कराल? पहिल्या बाकावरच्या दोघींनी घाईत चुकून शेवटच्या पर्यायावर खूण केली, आणि सगळ्या वर्गाने त्यांचं पाहून लिहिलं. प्रामाणिकपणाच्या पेपरात अख्ख्या वर्गाने कॉपी करून एकमुखाने सांगितलं की छत्री घरी नेऊन वापरू. मी पेपर तपासता तपासता इतकी हसले की दम लागला आणि शाळेच्या जिन्यातच बसून राहिले.

एकटीनेच वेगळं उत्तर लिहिलं होतं. तिला मी वकीलबाई म्हणते. चौथीत आहे, आणि प्रत्येक गोष्टीवर कशावरून असं विचारते. तिने चारही पर्याय खोडून खाली लिहिलं होतं की आधी छत्री कुणाची ते शोधायला पाहिजे, मग बघू.

तुझी वरची खोली झाडून घेतली आहे. मी हल्ली खालीच झोपते, जिना कोण सारखा चढणार? दोन उशा घेतल्या की मस्त झोप लागते.

मन लावून शीक. आशीर्वाद आहेतच, ते काही पोस्टाच्या भरवशावर नाहीत.
तुझी मावशी


वसतिगृह
२ सप्टेंबर

ती. मावशीस,
सा. न. वि. वि.

हे पत्र बसून वाच. मला काही झालेलं नाही, पण मी फार वाईट वागले आहे.

इथे सकाळी प्रत्येक रुग्णाचा ताप, नाडी आणि श्वास घेऊन खाटेच्या तक्त्यावर लिहायचं असतं. वॉर्ड भरलेला, वेळ थोडा. नाडी यंत्र दाखवतं, तापही यंत्रच सांगतं. राहिला श्वास. त्याला मिनिटभर थांबावं लागतं. वरच्या वर्गातल्या मुलींनी पहिल्याच आठवड्यात सांगितलं होतं की श्वास मोजत बसायचं नाही, अठरा लिहायचं. धडधाकट माणसाचे साधारण तेवढेच असतात. सगळ्या जणी अठरा लिहितात. मीही लिहायला लागले. पहिल्या दिवशी हात अडखळला, चौथ्या दिवशी अडखळला नाही.

खिडकीजवळच्या खाटेवर एक आजोबा आहेत, पूर्वी छापखान्यात खिळे जुळवायचे. मला रोज विचारतात, काय ग, आज कुणाला टोचलंस? काल त्यांनी काही विचारलं नाही. माझ्या ते लक्षातसुद्धा आलं नाही. मी अठरा लिहिलं आणि पुढच्या खाटेकडे वळले, तर मागे घार उभी. त्या खाटेच्या पायथ्याशी थांबल्या, घड्याळाकडे बघत, पूर्ण एक मिनिट. मग त्यांनी आजोबांना उठवून बसतं केलं, प्राणवायूची नळी लावली आणि डॉक्टरांना बोलावलं. आजोबांचे श्वास बत्तीस होते.

आजोबा आता बरे आहेत. घार माझ्यावर ओरडल्या नाहीत. त्यांनी तक्ता माझ्यासमोर धरला आणि एवढंच विचारलं, "मुली, हे अठरा कुणाचे?"

मावशी, ते कुणाचेच नव्हते.

मला वॉर्डात जायला बंदी आहे. मला ठेवायचं की घरी पाठवायचं ते प्राचार्य महिनाअखेर ठरवणार. पण मीच जाते म्हणते. बॅग भरून ठेवली आहे. मूल्यशिक्षणवाल्या बाईंच्या घरात वाढलेली मी, आणि मीच माणसाचा श्वास बसल्या जागी लिहून टाकला. तुझ्यासमोर कोणत्या तोंडाने येऊ? लहानपणापासून मला हेच व्हायचं होतं आणि माझ्याच हाताने घालवलं.

लोभ असावा असं लिहायचा धीर होत नाही.
भुंगा


घरून
६ सप्टेंबर

चि. भुंग्यास,
अ. उ. आ.

बॅग रिकामी कर आणि परत कपाटावर ठेव. बाकीचं पत्र मग वाच.

आधी रागावून घेते. पोरी, तुझ्या आजोबांना काही झालं असतं तर? एवढंच. हा प्रश्न तू स्वतःला विचारला आहेस हे मला ठाऊक आहे, पण मी विचारला नसता तर तुला चुकल्यासारखं झालं असतं.

रागावणं संपलं. तुझं पत्र वाचून मी रडले. तू चुकलीस म्हणून नाही, धीर होत नाही असं लिहिलंस म्हणून. माझ्या लोभाला धीर लागतो का ग? आई गेल्यावर तुला या घरात आणलं तेव्हा तू चांगली वागशील अशी काही बोली झाली नव्हती. कोणत्याही तोंडाने ये, मला तेच हवं आहे.

पण आत्ता येऊ नकोस. जाण्याने तुझी सुटका होईल, आजोबांचं काय? त्यांच्यापाशी जा आणि काय केलंस ते त्यांना सांग. आठवतं ना, तोंडावर सांगायची लाज वाटते ते खोटं. पण लाज वाटूनसुद्धा सांगितलं की त्याचा खोटेपणा उतरतो, असंही माझ्या पाहण्यात आलं आहे. प्राचार्यांनी विचारलं तर इतर मुलींची नावं घेऊ नकोस, पण वॉर्डात अशी पद्धत पडली आहे हे मात्र सांग. नाहीतर उद्या दुसऱ्या कुणाच्या आजोबांचे अठरा लिहिले जातील. आणि तुझी ती घार मला फार आवडली. तिलाच विचार की मी आता काय करू. जी बाई न ओरडता असा प्रश्न विचारते तिच्यापाशी उत्तरही असणार.

वेळेवर जेव. मी इथे आहे, कुठे जात नाही.
तुझी मावशी


वसतिगृह
२८ सप्टेंबर

ती. मावशीस,
सा. न. वि. वि.

ठेवलं! मला ठेवलं. बॅग कपाटावर आहे आणि तिच्यावर आता खोलीतल्या मुलीची छत्री वाळते आहे.

तू सांगितलंस तसंच केलं. प्राचार्यांसमोर मी पद्धत सांगितली. तेव्हा घार मान खाली घालून म्हणाल्या की ही पद्धत त्यांच्या कानावर यायला हवी होती, आली नाही, यात त्यांचंही चुकलं. मला वाटलं होतं त्या माझ्याविरुद्ध बोलतील. अट एकच, वर्षभर मी श्वास मोजले की मागोमाग त्या मोजणार. मी म्हटलं, मोजा.

नीतिमूल्यांचं व्याख्यान त्यांनी रद्द केलं. सरावाच्या खोलीत खाटा मांडल्या, निम्म्या मुलींना झोपवलं आणि निम्म्यांना त्यांचे श्वास मोजायला लावले. त्यांनी टाळी वाजवली की सुरू आणि पुन्हा टाळी वाजवली की बंद. मावशी, एक मिनिट केवढं मोठं असतं! इतका वेळ आपण कुणाकडे बघतच नाही. पहिल्यांदा हसू येतं. मग समोरचीची कॉलर उसवलेली दिसते. मग तिच्या डोळ्यांखालची काळी वर्तुळं दिसतात, आणि वाटतं, हिला झोप का येत नसेल? मग मी झोपले आणि बडबडणारीने माझं मनगट धरलं. कुणीतरी आपल्यासाठी थांबलं आहे हे इतकं बरं वाटलं की मला रडूच आलं आणि तिचा आकडा चुकला. घार म्हणाल्या, झाला आजचा तास.

आजोबांनाही सांगितलं. ते म्हणाले, मी तुझ्यावर रागावलो आहे, उद्यापर्यंत रागावलेला राहीन. आणि खरंच दुसऱ्या दिवशी बोलायला लागले. आता पंचाईत अशी की मी दिसले की ते मुद्दाम संथ श्वास घेतात, माझा आकडा चांगला यावा म्हणून. शेवटी त्यांना झोप लागेपर्यंत थांबते आणि मग मोजते.

तुझ्या शाळेत त्या छत्रीच्या पेपरापेक्षा हे करून बघ. तुला नक्की आवडेल.

लोभ असावा. बघ, आता लिहिता आलं.
तुझा भुंगा


घरून
१० ऑक्टोबर

चि. भुंग्यास,
अ. उ. आ.

तुझं पत्र शेजारच्या दारापर्यंत ऐकू जाईल इतक्या मोठ्याने वाचलं. म्हणजे पहिलं पान तसं वाचलं, पुढचं मनातल्या मनात.

आणि केलं की ग तुझं ते! मूल्यांची दुसरी परीक्षा बाजूला ठेवली. मुख्याध्यापकांना म्हटलं, आज प्रात्यक्षिक आहे. मुलांच्या जोड्या लावल्या, मनगटं धरायला सांगितली आणि भिंतीवरच्या घड्याळावर मिनिट लावलं. आधी खिदळली. मग असा शांत झाला वर्ग की शिपाई दारातून डोकावून गेला, मुलं आहेत ना हे बघायला. एकाने सांगितलं की त्याच्या मित्राच्या नाकातून शिट्टी वाजते, हे त्याला आजवर माहीतच नव्हतं. दोघं वर्षभर एका बाकावर बसतात.

आमच्या वकीलबाईला जोडीदार उरला नाही, म्हणून मीच तिच्यासमोर बसले. आणि मग काय गंमत! माझे म्हणे एकोणतीस. मी म्हटलं, चुकलीस, परत मोज. परत मोजले तर तीस. म्हणाली, बाई, सगळ्या वर्गात तुमचेच जास्त आहेत. मी तिला सांगितलं की मोठ्या माणसांचे अठरा असतात, तू अठरा लिही. तिने कशावरून म्हणून विचारलं. मी म्हटलं, माझी भाची नर्स होते आहे, तिच्यावरून. तेव्हा तिने अठरा लिहिलं, पण दिवसभर माझ्याशी बोलली नाही. गणितात जरा कच्चीच आहे ती.

सुट्टी कधी लागते ते कळव. अभ्यासाचा वेळ मोडून येऊ नकोस, मी ठणठणीत आहे.

सुखात राहा, आणि माझी आठवण काढताना हसत काढ.
तुझी मावशी


वसतिगृह
१४ ऑक्टोबर

ती. मावशीस,
सा. न. वि. वि.

मावशी, ते अठरा कुणाचे?

तुझं पत्र मी हसत वाचायला घेतलं आणि त्या अठराच्या ओळीपाशी थांबले. मग तुझी सगळी पत्रं काढून पुन्हा वाचली. जिन्यात बसून राहिलीस. खाली झोपतेस. दोन उशा लागतात. पहिलं पान मोठ्याने आणि पुढचं मनात. फोनवर दोन वाक्यं होतात आणि तू ठेवून देतेस. मला वाटायचं, तुला फोन आवडत नाही. तसं नाहीच. पत्रात धाप ऐकू येत नाही, म्हणून तुला पत्रं आवडतात.

मी रागावलेली नाही. मी घाबरलेली आहे. हे मी घारींना दाखवलं. त्यांनी दोनदा वाचलं आणि म्हणाल्या, त्या मुलीचा आकडा बरोबर असणार, सुट्टीची वाट बघू नकोस. त्यांनीच रजा लिहून दिली. उद्या दुपारच्या गाडीने मी येते आहे; हे पत्र आज रात्रीच्या एसटीच्या कंडक्टरकडे देते, म्हणजे सकाळीच तुला मिळेल. तोवर जिना चढायचा नाही, पाणी भरायचं नाही, आणि माझ्यासाठी काही करून ठेवायचं नाही.

हात पुढे करून बस. यावेळी सोंग नाही, तुला सांगून मोजणार. तू शहाण्यासारखा श्वास घेशील हे मला ठाऊक आहे. म्हणून तू झोपलीस की पुन्हा मोजणार.

तूच सांगितलंस ना, की कुठे जात नाही? तो शब्द पाळायचा आहे.
तुझा भुंगा


घरून
९ नोव्हेंबर

चि. भुंग्यास,
अ. उ. आ.

तू गेलीस आणि घरभर तुझे हुकूम राहिले. गोळ्यांच्या डबीवर चिठ्ठी, मिठाच्या बरणीवर चिठ्ठी, जिन्याच्या पहिल्या पायरीवरसुद्धा चिठ्ठी. डॉक्टर म्हणाले, हृदय थकलं आहे, पण वेळेत आलात, गोळ्यांवर चांगलं चालेल. पायाची सूज इतकी उतरली की जुन्या चपला सैल झाल्या. आता एकच उशी लागते. दुसरी तुझ्या खोलीत नेऊन ठेवली, म्हणजे शेजारणीकडून नेववली. मी चढले नाही.

तू होतीस तेव्हा बोलता आलं नाही ते आता लिहिते. मला मरणाची तेवढी भीती वाटली नव्हती. भीती ही होती की तुला कळलं की तू सगळं सोडून माझ्या उशाशी येऊन बसशील, आणि तू नर्स व्हावंस हे जे एक मला हवं होतं तेच माझ्यामुळे राहून जाईल. आधी तुला शाळेतून काढतील याची धाकधूक, मग तू स्वतःच येशील याची. म्हणून गप्प राहिले. तुला मोठ्या तोंडाने कसोटी सांगितली की सोंग कुणाच्या फायद्याचं ते बघावं. मी म्हणायचे, भुंग्याच्या फायद्याचं. पण त्या रात्री तू माझं मनगट धरून बसलीस, मी जागीच होते आणि तू रडत मोजत होतीस. तेव्हा कळलं की यातलं काहीही मला तुझ्या तोंडावर सांगता आलं नसतं.

तू परत गेलीस, याचा मला किती आनंद झाला म्हणून सांगू! दारात तुला सोडताना डोळ्यांत पाणी होतं ते त्याचंच.

काल पहिल्यांदा शाळेत गेले, रिक्षाने, सावकाश. अख्ख्या वर्गासमोर वकीलबाईला उभं केलं. तिला वाटलं काही चुकलं. मी सांगितलं की त्या दिवशी हिने माझे श्वास बरोबर मोजले होते. एकोणतीसच होते. मला माहीत होतं, आणि मला भीती वाटली, म्हणून मी हिला खोटं लिहायला लावलं. ते अठरा कुणाचेच नव्हते. इतकी वर्षं हा तास घेते आहे, पण स्वतःचं खोटं वर्गाला सांगितलं ते पहिल्यांदाच.

मला वाटलं, ती आता कशावरून विचारेल. ती तर बाकातून पुढे आली. मला माझ्या खुर्चीत बसवलं, माझं मनगट धरलं आणि घड्याळाकडे बघायला लागली. पूर्ण एक मिनिट. मी शहाण्यासारखा श्वास घेतला नाही, जसा येत होता तसा येऊ दिला.

बावीस झाले. तिने हात सोडला आणि म्हणाली, "अजून अठरा नाहीत, बाई. पुढच्या शनिवारी परत मोजीन."

आता दर शनिवारी माझी परीक्षा असते. मुख्याध्यापकांना सांगितलं आहे की गुण वकीलबाई देणार.

घारींना माझा नमस्कार सांग आणि छापखान्याच्या आजोबांना सांग की झोपेत सोंग करू नका. लोभ मात्र कुणी मोजायचा नाही, तो आहे तसा वाहू दे.
तुझी मावशी

ता. क. रविवारी संध्याकाळी फोन कर. उचलीन, आणि ठेवणार नाही. मध्येच थांबले तर दम खाते आहे असं समज, आणि तू गुणगुणत राहा.